जात्यावरचं राजकारण

जात्याशी बसलेल्या बाईनं पहिली ओवी कुणाच्या नावानं गायची, हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असे. आधी देव, मग आईबाप, मग भाऊ. एका हातानं खुंटा ओढत, दुसऱ्या हातानं वैरण घालत बाई ओव्या मोजत जाई. पहिली ह्याला, दुसरी त्याला, तिसरी आणखी कुणाला. हा मोजण्याचा क्रम म्हणजे मानाचा क्रम. पोळ्याला कुणाचा बैल वेशीतून आधी जायचा यावरून आमच्या भागात डोकी फुटलेली आहेत, तेव्हा मान म्हणजे काय हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. जात्यावरचा मान मात्र बाईच्या हातात होता. तो ती कुणाला देते याची चौकशी करायला पहाटेच्या अंधारात कुणी उठत नव्हतं.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर ह्या दलित वस्तीतल्या बायकांनी ह्या मानाच्या जागी बुद्धाला, भीमरावाला आणि रमाईला आणून बसवलं. चाल तीच, साचा तोच, जातंही तेच. मानकरी तेवढे बदलले. माझ्या लेखी ही मराठी कवितेतली राजकीय घटना आहे आणि ज्यांनी ती घडवली त्या बायका राजकीय कवयित्री आहेत. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार, रंगूबाई पोटभरे, पार्वतीबाई भादर्गे ही त्यांची नावं. मराठीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात ती मला दिसलेली नाहीत. मी ह्याच गावात मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई आहे, तेव्हा पाठ्यपुस्तकं मी बऱ्यापैकी चाळलेली आहेत.

ह्या बायकांच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. पुण्याच्या ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ह्या संस्थेच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम हाती घेतलं होतं. राईरकर पुण्याच्या, प्वातवाँ मूळचे फ्रान्सचे, पण आयुष्य महाराष्ट्रात काढलेले. हजाराहून जास्त गावांतून, तीन हजारांहून जास्त बायकांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. प्वातवाँ २००४ साली गेले. पुढं हा सगळा खजिना ‘पारी’कडं, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडं आला आणि २०१७ साली त्यांची माणसं भीमनगरात पुन्हा येऊन गेली. माजलगावच्या बायकांच्या ओव्या आज नावानिशी, आवाजासकट कुणालाही फुकट ऐकता येतात. मी त्या मोबाइलवर ऐकल्या. मागं जात्याची घरघर नाही, भांड्यांचा आवाज नाही, नुसता गळा आहे. पण दोन चरणांच्या मधल्या थांब्यात जात्याचा फेरा अजून ऐकू येतो.

माझं घर मुसलमानाचं. घरात दखनी, दारात मराठी, आणि मौलवीसाहेबांसमोर अरबी. वर्गात पहिल्या दिवशी पोरं हमखास विचारायची, “बाई, तुम्ही मराठी कसं काय शिकवता?” त्यांना मी चक्कीनाम्याची गोष्ट सांगायचे. विजापूरकडच्या सूफींनी सतराव्या शतकात दखनीत चक्कीनामे आणि चरखानामे रचले. दळताना, सूत कातताना बायकांनी गावीत अशी ती गाणी होती. रिचर्ड ईटन ह्या अमेरिकन इतिहासकारानं विजापूरच्या सूफींवरच्या ग्रंथात त्यांची दखल घेतली आहे. दख्खनेत इस्लामची शिकवण घरात शिरली ती मोठ्या प्रमाणावर जात्यापाशी बसलेल्या बाईच्या तोंडून, असं ईटनचं म्हणणं. म्हणजे बाईला काही सांगायचं असेल तर जात्यावर सांगावं, हे आमच्या मुलखातल्या संतांना आणि सूफींना दोघांनाही कळलं होतं. इथून साठेक किलोमीटरवरच्या गंगाखेडच्या जनाबाईनं तर दळणाला प्रत्यक्ष विठ्ठलालाच हात लावायला बसवलं.

फरक इतकाच, की चक्कीनामे रचणारे पुरुष होते. ओवी रचणारी बाई स्वतः दळते.

ओवीची रचना साधी दिसते. दोन लांब ओळी, प्रत्येकीचे दोन तुकडे, शेवटी यमक. अधूनमधून ‘गं बाई’. पण त्या दोन ओळींत आपलं म्हणणं पुरं झालंच पाहिजे, कारण पुढच्या फेऱ्याला दुसरी ओवी सुरू होते. आणि बाई जे दिवसा बोलू शकत नाही ते तिथं बोलते. सासूनं काय केलं, माहेरचा माणूस का आला नाही, मुलीचा जन्म का दिला. रामानं सीतेला वनात धाडलं ते चूक होतं, हे गावच्या कीर्तनात कुणी म्हणणार नाही, पण जात्यावर बायका शतकानुशतकं सीतेच्या बाजूनं गात आल्या. ताराबाई भवाळकरांनी ह्या साऱ्याला ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’ म्हटलं आणि त्या नावाचं पुस्तकच लिहिलं. म्हणजे जातं राजकारणासाठी तयारच होतं. भीमनगरच्या बायकांनी त्या राजकारणाला दिशा दिली.

ती दिशा कुठून आली हे समजून घ्यायचं तर मराठवाड्याचा इतिहास थोडा पाहावा लागतो. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण आमच्याकडं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम होता. त्या राजवटीत दलितांची चळवळ उशिरा आणि चोरपावलांनी आली. १९३८ साली कन्नडजवळच्या मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकारानं परिषद झाली आणि बाबासाहेब आंबेडकर तिला आले. १९५० साली त्यांनी औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. बीड, परभणी, नांदेडची पोरं पत्र्याची पेटी घेऊन तिथं शिकायला निघाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला, तेव्हा मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळली, माणसं मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. एका नावासाठी सोळा वर्षं गेली.

आता तारखा जुळवून पाहा. भीमनगरच्या ओव्या टेपवर आल्या १९९६ साली, नामविस्ताराला जेमतेम दोन वर्षं झालेली असताना. ज्या नावासाठी घरं पेटली ते नाव ह्या बायका ओवीमागून ओवी घेत होत्या. कमानीवर नाव लिहायला सरकारला सोळा वर्षं लागली. बायकांनी ते पहाटेच्या गाण्यात आधीच कोरलं होतं. मोर्च्यात पुरुष घोषणा देत होते, त्यांची नोंद पोलिसांकडं आहे, वर्तमानपत्रांत आहे. चुलीपाशी काय चाललं होतं त्याची नोंद ओवीत आहे.

ह्यावर एक आक्षेप येतो. माझ्या एका सहकाऱ्यानं तो स्टाफरूममध्ये घेतला होता. “मॅडम, ही भक्ती झाली. विठ्ठलाच्या जागी बाबासाहेब, एवढंच. यात बाईचं स्वातंत्र्य कुठं आलं? शेवटी पुरुषाचीच आरती ना?” आक्षेप हलका नाही, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

जुन्या ओवीतला सर्वांत लाडका माणूस म्हणजे भाऊ. तो दिवाळीला न्यायला येतो, साडीचोळी करतो, सासरच्या दारात उभा राहून बहिणीची पत वाढवतो. बाईला न्याय मिळाला तर तो भावाच्या रूपानं, असं त्या जगाचं गणित. भीमाच्या गाण्यांत बाबासाहेब कधी बाप होऊन येतात, कधी असेच भाऊ होऊन. पण ह्या भावानं आणलेली भेट निराळी आहे. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या दलित महिला परिषदेत हजारो बायकांसमोर ते बोलले. मुलांना शिकवा, मुलींच्या लग्नाची घाई करू नका, नवऱ्याशी बरोबरीच्या नात्यानं वागा, त्याची गुलाम होऊ नका, असं त्या भाषणाचं सार होतं. हिंदू कोड बिलात त्यांनी घटस्फोट, दत्तक आणि मुलीचा वारसा हे प्रश्न हातात घेतले आणि ते बिल रखडलं तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. आपल्यासाठी मंत्रिपद सोडणारा भाऊ ओवीतल्या बाईला त्याआधी कधी मिळाला नव्हता. तिनं त्याला भाऊ म्हणणं ही आरती नाही. राज्यघटना ज्यानं लिहिली त्याच्याशी तिनं सरळ नातं जोडलं, मधे ना नवरा, ना पाटील, ना भटजी. बाईनं असं नातं परस्पर जोडावं, याला मी राजकारण म्हणते.

आणि रमाई. बाबासाहेब परदेशात शिकत असताना उपासमार सोसणारी, मुलं गमावणारी, १९३५ साली गेलेली त्यांची पत्नी रमाबाई. पुरुषांच्या भाषणांत ती त्यागमूर्ती म्हणून एका वाक्यात येते आणि जाते. बायकांच्या गाण्यांत ती संसार करणारी बाई म्हणून येते, मानाची ओवी घेते. तिचे कष्ट मोजायला तेवढेच कष्ट केलेली बाई लागते.

अरबी वाचायला मी लहानपणी शिकले, अर्थ न कळता. अर्थाची भूक राहिली आणि मोठेपणी तिनं मला अरबी कवयित्रींकडं नेलं, अर्थात भाषांतरांतून. दोघींनी मला धरून ठेवलं. पहिली पॅलेस्टाइनच्या नाब्लुस शहरातली फदवा तुकान, जन्म १९१७. शाळेच्या वाटेवर एका मुलानं तिला मोगऱ्याचं फूल दिलं, एवढ्यावरून घरच्यांनी तिची शाळा बंद केली आणि तिला घरात कोंडलं. माजलगावात ही गोष्ट कुणाला परकी वाटणार नाही. भाऊ इब्राहिम तुकान नावाजलेला कवी होता, त्यानं तिला घरीच कविता शिकवली. १९४१ साली तो गेला आणि ती त्याच्यावर शोकगीतं लिहू लागली. मग वडील म्हणाले, भावासारखी राजकीय कविता लिही. फदवानं आत्मचरित्रात आपला संताप नोंदवला आहे : मला चार भिंतींत ठेवता, पुरुषांच्या बैठकीत बसू देत नाही, बाहेर काय चाललंय ते दिसू देत नाही आणि वर राजकारणावर कविता मागता?

१९६७ साली नाब्लुस इस्रायलच्या ताब्यात गेलं आणि फदवा खऱ्या अर्थानं राजकीय कवयित्री झाली. लोकांसमोर कविता वाचू लागली, अरब जगात तिचं नाव झालं. २००३ साली ती नाब्लुसमध्येच वारली.

दुसरी बगदादची नाझिक अल-मलाइका, जन्म १९२३. इजिप्तमध्ये कॉलऱ्यानं माणसं मरत होती तेव्हा १९४७ साली तिनं ‘कॉलरा’ ही कविता लिहिली आणि जुन्या अरबी वृत्ताची चौकट मोडली. अरबी मुक्तछंदाची चर्चा ह्या कवितेपासून सुरू होते. घराण्याच्या अब्रूपायी मारल्या जाणाऱ्या मुलीवरही तिनं कविता लिहिली आणि बायकांच्या स्थितीवर जाहीर व्याख्यानं दिली. तिनं वृत्त मोडलं, भीमनगरच्या बायकांनी वृत्त जसंच्या तसं ठेवून आतला मानकरी बदलला. मोडणं जितकं धीट तितकंच हे, कारण ओळखीच्या चालीवर आलेलं नवं नाव शेजारीण पटकन उचलते.

फदवाचं दुःख वाचताना मला भीमनगर सारखं आठवतं. फदवाच्या घरात पुस्तकं होती, कवी भाऊ होता, पण बाहेरचं जग तिच्यापुढं बंद होतं. आमच्या ह्या बायकांचं उलटं. शाळा त्यांच्या वाट्याला नीट आली नाही, पण मजुरीनं, मोर्च्यांनी, सहा डिसेंबरच्या दादरच्या गर्दीनं दलित बाईला घराबाहेर आणलं होतं. म्हणून राजकीय कविता लिही असं त्यांना कुणाच्या बापाला सांगावं लागलं नाही.

छापील मराठी कवितेतही ही वाट आहे. सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ १८५४ सालचा. अलीकडं हिरा बनसोडे यांचा ‘फिर्याद’, प्रज्ञा दया पवार यांची कविता. मलिका अमर शेख तर मला फार जवळच्या वाटतात. शाहीर अमर शेखांची लेक, नामदेव ढसाळांची बायको, आणि ह्या दोन्ही ओळखींच्या पलीकडं स्वतःची कविता लिहिणारी बाई. चळवळीतल्या पुरुषाच्या घरात बाईचं काय होतं ते तिनं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ ह्या आत्मकथनात लिहिलं, तेव्हा भल्याभल्यांना ते पचलं नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. ह्या सगळ्यांना समीक्षा आहे, पुरस्कार आहेत, निदान वाद तरी आहेत. राधाबाई-वाल्हाबाईंच्या वाट्याला ‘लोकगीत’ हा शब्द आला आणि कवी म्हणून ‘अनामिक’. टेपवर नाव स्पष्ट सांगितलेलं असताना अनामिक कशा?

हे सगळं झालेलं-गेलेलं आहे असं मला वाटत असतं तर मी लिहायला बसले नसते. बाबासाहेबांनी मुलीच्या वारशाचा आग्रह धरला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात त्यातलं काही आलं, १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला बरोबरीचा हक्क दिला, २००५ साली तो देशभर लागू झाला. आणि आमच्याकडं काय चालतं? बाप गेला की तेराव्यानंतर भाऊ बहिणीला गाडीत घालून नोंदणी कार्यालयात नेतो, ती हक्कसोडपत्रावर सही करते आणि साडी घेऊन सासरी परत जाते. मुसलमानांच्या घरी शरियतनं मुलीचा वाटा भावाच्या निम्मा ठरवलेला, पण तोही लेकी ‘माहेर तुटायला नको’ म्हणून सोडून देतात. मीही पाहिलंय, शिकलेल्या घरांतही पाहिलंय. ओवीतल्या भावाचा हा दुसरा चेहरा. म्हणून बीडच्या बाईनं आपला भाऊ बदलून घेतला, हे मला समजतं.

आणखी आकडे सांगते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, महाराष्ट्रात सर्वांत कमी. दसरा झाला की ऊसतोडीपायी तालुक्यातल्या वस्त्या रिकाम्या होतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि ती उचल नवऱ्याच्या हातात. पाळीमुळं खाडा पडू नये, दंड बसू नये म्हणून बायका गर्भाशय काढून टाकतात ही गोष्ट २०१९ साली देशभर गाजली. सरकारच्या समितीपुढं जी पाहणी आली तिच्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. ह्या बायकांच्या हातात जातं नाही, दळण गिरणीत जातं. पण फडावर, कोपीत, ट्रॅक्टरवर बसून त्या काही म्हणत नसतील यावर माझा विश्वास नाही. कडूबाई खरात एकतारीवर भीमगीत गातात आणि मोबाइलवरून ते लाखो लोक ऐकतात, म्हणजे आवाज संपलेला नाही. ऐकणारा कान आणि लिहून घेणारा हात कमी पडतोय.

तेव्हा माझं मागणं दोन ठिकाणी आहे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडं एक : ओवी घ्या, पण कवयित्रीचं नाव, गाव आणि साल घालून घ्या. फदवा तुकानच्या भाषांतराशेजारी राधाबाई बोऱ्हाडे यांची ओवी एकाच धड्यात ठेवा. पोरं दोन्ही समजून घेतील, मी वर्गात उभी राहिलेली बाई आहे, मला माहीत आहे.

दुसरं तुमच्याकडं. घरात जिला ओव्या येतात अशी आजी, आत्या, शेजारची मावशी असेल, तर लग्नातल्या हळदीच्या जात्याची वाट न पाहता ह्याच आठवड्यात तिच्याजवळ बसा आणि मोबाइलवर तिचा आवाज घ्या. ती लाजेल, “मला काय येतंय” म्हणेल, दुसरीचं नाव पुढं करील. बसून राहा. गाऊन झालं की आधी तिचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्या, आणि मग कागदावर उतरवताना वरती ‘लोकगीत’ लिहू नका, ‘कवयित्री’ लिहा.